खोलीचा पासपोर्ट फोटो

माझ्या रोजच्या वहीत पहिली ओळ देवाच्या नावाची असते. दुसरी घरात काय संपलं याची. तिसऱ्या ओळीपासून बहुतेक वेळा आमचे भाऊजी सुरू होतात, आणि कधी कधी पान पुरत नाही. ह्या आठवड्यात तर सहा पानं गेली, तीही मागेपुढे, आठवेल तशी. म्हणून सगळं एकदा सुरुवातीपासून सरळ लिहून काढते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय सेहेचाळीस. लग्न केलं नाही. आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात, दोन्ही वेळा खाली जेवायला येतात आणि भाजीत मीठ कमी असेल तर काही न बोलता मिठाची बरणी स्वतःकडे ओढतात. गल्लीत त्यांना त्यांच्या नावाने कुणी हाक मारत नाही. शाळकरी पोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना ‘पासपोर्ट’ म्हणतात.

ह्याला कारण आहे. पासपोर्टच्या सरकारी कचेरीसमोर त्यांचा एवढासा स्टुडिओ आहे आणि बावीस वर्षं त्यांनी तिथे एकच फोटो काढला. मागे पांढरी चादर, पुढे स्टूल, दोन बाजूंना पांढऱ्या छत्र्या लावलेले दिवे. “हनुवटी किंचित खाली. कान दिसू द्या. हसू नका.” एवढं म्हणायचं आणि बटण दाबायचं. त्यांनी काढलेला फोटो कचेरीच्या खिडकीवरून कधी परत आला नाही. चेहऱ्यावर सावली म्हणून नाही, कपाळावर केस नाही. तीळ, मस, जुनी खोक मात्र जिथल्या तिथे. एकदा एक बाई गालावरचा तीळ काढून टाका म्हणून हटून बसल्या. भाऊजी म्हणाले, “बाई, तीळ काढला तर विमानात तुम्ही बसणार की तुमची बहीण?”

दुसऱ्या कुठल्या फोटोत त्यांचा हात बसला नाही, हेही खरं. माझ्या लेकीच्या लग्नात ते मोठ्या हौसेनं कॅमेरा घेऊन उभे राहिले. पण जिभेला वळण लागलेलं, नवरीलाही म्हणाले, “हसू नका.” आणि ती काकांच्या शब्दाबाहेर न जाणारी! अल्बम घरी आला तेव्हा वाटलं, दोन्हीकडच्या माणसांना कुणीतरी धरून परदेशी पाठवतंय. विहीणबाई अजून तो अल्बम पाहुण्यांपुढे काढत नाहीत.

तर गेल्या वर्षी कचेरीनं आपल्या खिडकीतच कॅमेरा बसवला. माणूस अर्ज द्यायला उभा राहिला की तिथेच फोटो. भाऊजींचं स्टूल रिकामं पडलं. पहिले काही महिने ते म्हणत होते, “तो कॅमेरा बिघडेल.” कॅमेरा काही बिघडला नाही.

आमच्या ह्यांचं नळ, कड्या, बिजागऱ्या, स्क्रू असलं विकण्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. ह्यांनी एके दिवशी जेवताना सांगून टाकलं, “सोमवारपासून दुकानात येऊन बस. काउंटरच्या आत तुझ्यासाठी खुर्ची ठेवतो. तुझ्या त्या छत्र्या तर पावसाच्याही कामाच्या नाहीत.”

ह्यांचं मन वाईट नाही, बोलणं तेवढं खिळ्यासारखं असतं. पण भाऊजींच्या हातातला घास हातातच राहिला. मग खाली बघूनच ते म्हणाले, “दादा, ह्या गुरुवारी एक काम आहे. ते जमलं तर बघू. नाही जमलं तर सोमवारी येतो.”

“कसलं काम?”

“एका खोलीचा फोटो.”

“खोली कुठे निघालीय?” ह्यांनी विचारलं, आणि स्वतःच्याच विनोदावर त्यांना ठसका लागला.

काम असं होतं. पूर्वी जिथे बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं, तिथे एका बाईंनी जपानी धाटणीचं रेस्टॉरंट काढलं होतं. ह्या बाई सात वर्षं जपानात एका खाणावळीत काम करून आल्या. जाताना त्यांचा पासपोर्टचा फोटो भाऊजींनीच काढला होता. परत आल्यावर त्या स्टुडिओत आल्या आणि म्हणाल्या, “फोटोवाले, सात वर्षं माझा तो फोटो हजार जणांनी बघितला. एकानंही ‘ही तुम्ही नाही’ असं म्हटलं नाही. माझ्या हॉटेलाचा फोटो तुम्हीच काढायचा.” गुरुवारनंतर दोनच दिवसांनी, शनिवारी, रेस्टॉरंट उघडणार होतं आणि उद्घाटनाच्या कार्डावर फोटो हवा होता.

खरी मेख पुढे होती. रेस्टॉरंटची आतली सजावट ज्यांनी केली ते इंटिरियरवाले साहेब स्वतःचा फोटोवाला आणणार होते. मालकीणबाईंनी हट्ट धरला म्हणून ते कसेबसे तयार झाले. पण त्यांच्याकडे अशी आणखी अकरा ठिकाणं फोटो काढायची राहिली होती. गुरुवारचे फोटो पटले तर ती अकराही भाऊजींना मिळणार होती. म्हणजे स्टुडिओ चालू राहणार. नाही पटले, तर स्क्रूचे डबे.

बुधवारी भाऊजी माझ्याकडे दोन गोष्टी घेऊन आले. एक, पांढरी चादर: “वहिनी, ही धुऊन इस्त्री करून द्याल?” दुसरी, मोज्यांची जोडी. “तिथे चपला-बूट बाहेर काढून आत जावं लागतं म्हणे.” मोज्यांतून दोन्ही अंगठे बाहेर डोकावत होते. मी रफू करायला बसले तर ते दारातच घुटमळत राहिले.

“आणखी काय?”

“तुम्ही येता का बरोबर? चादर धरायला कुणीतरी लागतं.”

चादर खुंटीलाही टांगता येते. पण घाबरलेला माणूस ते कबूल करत नाही, आणि आपणही विचारू नये. मी म्हटलं, “येते. माझा जप तिथे बसून झाला तर देव काही हजेरी मांडत नाही.”

गुरुवारी सकाळी दहाला आम्ही पोचलो. बाहेरून साधं लाकडी सरकतं दार. आत गेल्यावर दोन पावलं दगडी फरशी, चपलांची मांडणी, मग गुडघ्याच्या निम्म्या उंचीचा लाकडी ओटा. त्यावर गवताच्या चटया, एकीला एक बरोबर लावलेल्या, कडांना काळी कापडी पट्टी. मालकीणबाई म्हणाल्या, “ताई, पट्टीवर तेवढा पाय देऊ नका.” बुटके टेबल, त्यांच्याभोवती चौकोनी गाद्या, आणि टेबलाखाली पाय सोडायला खोल जागा, म्हणजे ज्यांना मांडी घालवत नाही त्यांचीही सोय. गल्लीच्या बाजूला अख्खी भिंत लाकडी जाळीच्या सरकत्या पडद्यांची होती. जाळीला काचेऐवजी पातळ पांढरा कागद चिकटवलेला. एका कोपऱ्यात भिंतीत कोनाडा, त्यात एक उभं चित्र टांगलेलं आणि खाली मडक्यात एकच फांदी.

मी सवयीनं त्या कोनाड्यापुढे हात जोडले आणि विचारलं, “इथे कुठले देव?”

“देव नाहीत हो,” बाई हसल्या. “नुसती शोभेची जागा. पाहुणा आला की त्यानं पहिल्यांदा तिथे बघायचं.”

मी हात जोडलेलेच ठेवले. जोडलेच होते, तर फुकट कशाला घालवायचे? भाऊजींसाठी चार शब्द टाकून घेतले.

भाऊजींनी तोवर छत्र्या उघडल्या होत्या. दोन त्यांच्या, दोन कुणाकडून मागून आणलेल्या. दिव्यांचा उजेड परतवायला मला चादर धरून कोपऱ्यात उभं केलं. कॅमेरा तीन पायांच्या लाकडी तिकाटण्यावर चढवला. त्या तिकाटण्याच्या पायांवर त्यांनी बावीस वर्षांपूर्वी लाल रंगाची खूण केली आहे, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीची. त्या खुणेवर त्यांनी पाय घट्ट आवळले. मग दिवे लावले. काय तो लखलखाट! टेबलाखालचे खड्डे, कोनाड्याचा कोपरा, छताची फळी न् फळी, सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं झालं. कुठे अंधार राहिला तर भाऊजी मला म्हणायचे, “वहिनी, चादर जरा डावीकडे. त्या टेबलाच्या हनुवटीखाली सावली पडतेय.”

टेबलाच्या हनुवटीखाली! मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चादरीमागे तोंड लपवलं.

गाद्यांना त्यांनी “खांदे सरळ” केलं. मडक्यातली फांदी तिरकी होती, तिलाही सरळ करायला निघाले तेव्हा बाई धावल्या, “अहो, ती तिरकीच असते!” साडेबारापर्यंत त्यांनी सगळ्या बाजूंनी फोटो घेतले आणि घाम पुसत कॅमेऱ्याचा मागचा पडदा बाईंपुढे धरला.

बाई एकेक फोटो पुढे सारत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, “फोटोवाले, खोली माझीच आहे. ओळखू येतेय.”

“मग?”

“पण इथे येऊन जेवावंसं वाटत नाही हो.”

मी डोकावले. खरंच की. खोली अगदी ताठ बसली होती. कान दिसत होते, सावली कुठे नव्हती, आणि ती अजिबात हसत नव्हती. कागदी पडदे पाठीमागच्या चादरीसारखे सपाट. कागदाचे सांधे, सुताराच्या पेन्सिलीच्या रेघा, बॅटरीवाल्याच्या काळातला छताचा एक डाग, सगळ्याची नोंद झालेली. ह्या खोलीला कुठल्याही देशानं व्हिसा दिला असता. पण जेवायला एक माणूस फिरकला नसता.

“साहेब साडेपाचला येणार आहेत,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर जास्त वाईट वाटलं.

“आणखी उजेड करून बघतो,” भाऊजी म्हणाले, आणि दिव्याची एक काठी घाईनं उचलून मागे सरकले. काठी वर, छत्री मागे. छत्रीचं टोक त्यांना दिसलं नाही. ‘फट्’ असा आवाज झाला. एवढासाच, पापड मोडावा तसा.

कागदी पडद्याला भोक पडलं होतं. मुठीएवढं. पलीकडे गल्लीतली सायकल दिसत होती.

भाऊजी काठी धरून तसेच उभे, रफू केलेल्या मोज्यांवर. मग म्हणाले, “वहिनी, दादाला फोन करा. सांगा, मी सोमवारची वाट बघत नाही, आजच येतो.”

“खुळ्यासारखं बोलू नका,” मी म्हटलं. “आधी ती काठी खाली ठेवा, नाहीतर दुसरं पाडाल.”

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. कागद परदेशातून मागवलेला, पुन्हा यायला महिना. पण उरलेला एक तुकडा कपाटात होता. तो त्यांनी काढला आणि त्या भोकापुढे मांडी घालून बसल्या. “तिकडे खाणावळीत काय व्हायचं, पाहुण्यांची मुलं बोटं घालून असा कागद फाडायची. मग आमची मालकीण कागदाचं फूल कापून त्यावर चिकटवायची. अख्खा कागद कोण बदलतंय सारखा? घराघरात असंच करतात. पण मला बाई कापायला कधी जमलं नाही.”

“कात्री द्या,” मी म्हटलं.

मुलांच्या वह्यांना बारा वर्षं कव्हरं घातलेली बाई आहे मी. कणीक पातळ कालवून गॅसवर खळ शिजवली. पाच पाकळ्यांचं फूल कापलं. चार पाकळ्या बऱ्या निघाल्या, पाचवी जरा अंगानं भरली. “असू दे,” बाई म्हणाल्या, “आमच्या मालकिणीचीही अशीच यायची.” भोकाच्या कडा जुळवून, फूल अलगद बसवून मी कोरड्या फडक्यानं दाबून धरलं. भाऊजी मागे उभे राहून श्वास रोखून बघत होते, जणू त्यांच्या छातीलाच टाके घालतेय.

“आता वाळेपर्यंत कुणी ह्याला हात लावायचा नाही,” मी सांगितलं.

“आणि ते दिवे बंद करा,” बाई म्हणाल्या. “माझं डोकं ठणकायला लागलंय तुमच्या उजेडानं.”

दिवे बंद झाले. बाई आत भांडी पुसायला गेल्या. भाऊजी दाराशी दगडी फरशीवर जाऊन बसले, आपल्या बुटांशेजारी, घालू की नको अशा विचारात. मला करायला काहीच नव्हतं. मी चादरीची घडी घातली, एका गादीवर बसले आणि माळ काढली.

जपाला बसलं की डोळे मिटावेत. मी मिटलेही. पण शंभरेक मणी झाल्यावर उघडले, ते खरं सांगायचं तर फूल सुटलं की काय ते बघायला. आणि माळ हातातच राहिली.

ही सकाळची खोलीच नव्हती. खाली बसल्यावर छत कुठच्या कुठे गेलं. टेबलं बुटकी दिसेनात, बरोबर हाताशी आली. उन्हं गल्लीकडून कलली होती आणि कागदातून गाळून आत येत होती, दुधावरच्या सायीसारखी. जाळीच्या सावल्या चटईवर लांब पडल्या होत्या. कोनाड्यात अर्धा अंधार होता, त्यामुळे ती फांदी नुकतीच कुणी आणून ठेवल्यासारखी वाटत होती. आणि कागदावर माझं ते फूल, दोन पदरी कागदामुळे जरा गडद. बाहेरून कुणी सायकलवरून गेलं, तर त्याची सावली एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत घरंगळत गेली.

“भाऊजी,” मी हाक मारली. “इकडे या. आणि खाली बसा.”

“मी इथेच बरा आहे.”

“बसा म्हणते ना!”

आले. उभ्यानंच बघितलं. “काय?”

“उभ्यानं नाही. ही खोली बसणाऱ्या माणसाची आहे. तुम्ही सकाळपासून तिच्याशी उभे राहून बोलताय.”

“फोटोवाला कधी बसतो का वहिनी?”

“आज बसेल.”

गुडघा कुरकुरला, पण बसले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. तेवढ्यात पुन्हा कुणाची तरी सावली कागदावरून गेली आणि भाऊजींचा हात आपोआप खिशाकडे, भिंग पुसायच्या फडक्याकडे गेला. मला हायसं वाटलं.

आता घोडं अडलं ते तिकाटण्यावर. ते काही केल्या एवढं खाली येईना. शेवटी ते बाजूला ठेवून भाऊजी चक्क चटईवर पालथे झाले. कॅमेऱ्याखाली माझी इस्त्रीची चादर, घडीवर घडी. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचं आतलं झाकण बराच वेळ उघडं ठेवावं लागत होतं, आणि तेवढा वेळ कुणी हलायचं नाही. मालकीणबाई वाडगा पुसत बाहेर आल्या आणि कोनाड्यापाशी थबकल्या. भाऊजी जमिनीवरूनच म्हणाले, “तशाच राहा.”

बाईंना हसू आलं. मी वाट बघत होते, आता म्हणतील ‘हसू नका’. नाही म्हणाले. दोन तास माणूस पोटावर सरपटत होता, पण ते दोन शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत.

साडेपाचला साहेब आले. काळा सदरा, काळी पँट, काळ्या काड्यांचा चष्मा. सगळ्यांची घरं रंगवतात आणि स्वतःला मात्र एकच रंग. भाऊजींनी फोटो लॅपटॉपवर चढवले होते. साहेब टेबलाशी बसले, पाय खाली सोडले आणि बघायला लागले. पहिल्या फोटोला भुवया वर. तिसऱ्याला “अच्छा.” पाचव्याला म्हणाले, “हे तुम्ही काढलेत? मी ऐकलं होतं तुम्ही पासपोर्टवाले.”

“पासपोर्टवालाच आहे,” भाऊजी म्हणाले.

सहाव्या फोटोत सगळं होतं: कागदी भिंत, बाई, वाडगा, सायकलवाल्याची सावली. साहेबांनी चष्मा वर केला. “हा कार्डावर. हाच. पण हे काय आहे?” त्यांचं बोट फुलावर होतं.

“भोक पडलं होतं,” भाऊजींनी सांगितलं. “माझ्या छत्रीनं. वहिनींनी बुजवलं.”

मी मनात म्हटलं, देवा, ह्या माणसाला थोडं कमी बोलायला शिकव.

“ठीक आहे, होतं असं,” साहेब म्हणाले. “पुसून टाका. तुमच्या कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे.”

“पुसणार नाही.”

“म्हणजे? येत नाही?”

“येतं. पण पुसणार नाही. ते तिथे आहे. शनिवारी माणसं येतील, ती फोटो बघून येतील आणि भिंतीवर फूल दिसेल. मग म्हणतील, फोटो दुसऱ्याच खोलीचा होता.”

“अहो, माझ्या कामात ठिगळ दिसतंय!”

“साहेब, ठिगळ तुमचं नाही, माझं आहे. मलाच लाज वाटायला पाहिजे. वाटतेय. पण बावीस वर्षांत मी कुणाच्या तोंडावरची खूण काढली नाही.”

साहेबांनी लॅपटॉप अर्धा मिटला. “बाकीच्या अकरा ठिकाणांचं ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“तरीही?”

भाऊजी मोज्यांकडे बघत राहिले. मला तर वाटलं उठावं आणि सांगावं, पुसा हो, दोन मिनिटांचं काम आहे, फूल माझं आहे, माझी परवानगी आहे. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मालकीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्याच बोलल्या, “साहेब, भिंत तुम्ही केलीत, मी पैसे दिले, आता ती माझी आहे. कार्डावर हा फोटो जाणार, फुलासकट.”

“तुमचं कार्ड, तुमची मर्जी,” साहेब उठले. “माझ्या कामांचं मी दोन दिवसांत कळवतो.” बूट घालताना त्यांनी एकदा मागे वळून त्या कागदाकडे बघितलं. नजर कौतुकाची होती की चिडीची, ते चष्म्यामुळे कळलं नाही.

घरी येताना भाऊजी एवढंच म्हणाले, “वहिनी, तुमची चादर मळली.”

शुक्रवार गेला. शनिवारी रेस्टॉरंट उघडलं, आम्हा तिघांनाही बोलावणं होतं. ह्यांनी कार्डावरचा फोटो हातभर लांब धरून बघितला. मला वाटलं, आता भावाच्या पाठीवर थाप मारतील.

“ह्या दारांना बिजागरी एकही नाही?” हे म्हणाले.

“सरकती दारं आहेत, दादा.”

“मग आपल्या धंद्याला काय उपयोग ह्या लोकांचा!” पण कार्ड खिशात घातलं. मी बघितलं, वरच्या खिशात, चष्म्याच्या शेजारी.

रविवार दुपारपर्यंत साहेबांचा फोन नव्हता. ह्यांनी दुकानात काउंटरच्या आत खुर्ची ठेवल्याचं जेवताना सांगितलं, गादी घातली आहे हेही सांगितलं. भाऊजी “बरं” म्हणाले. मी देवापुढे बसले आणि ह्या वेळी विनवणी केली नाही, सरळ भांडले. म्हटलं, खोटं बोलला असता तर शिक्षा देणार होतास, खरं बोलला तरी शिक्षाच देणार असशील, तर एकदा काय ते नक्की ठरव. नंतर फार बोलले असं वाटून माफीही मागितली. पण बोललेले शब्द मागे घेतले नाहीत.

चारच्या सुमाराला फोन वाजला. भाऊजी जिन्यात उभे राहून बोलले. आम्हाला त्यांच्याच बाजूचं ऐकू येत होतं.

“हो... हो... नाही, ते मी गुरुवारीच सांगितलं... नाही, भिंतीला तडा असेल तर तडा दिसणार... हो, खुर्ची सरळ करून देईन, त्यात काय... किती?... बरं. बरं.”

खाली आले. ह्यांनी पेपरमागून विचारलं, “काय म्हणतो काळा सदरा?”

“तीन देतो म्हणाला. अकरातली तीन. उरलेल्या आठ जणांना सगळं गुळगुळीतच पाहिजे, त्यांच्यासाठी दुसरा माणूस आहे.” मग जरा थांबून, “शनिवारी आलेल्या माणसांनी म्हणे त्याच्याजवळ त्या फुलाचीच चौकशी केली. तुम्ही मुद्दाम केलंत का, म्हणून. तो ‘हो’ म्हणाला.”

“लबाड आहे,” हे म्हणाले. “तीन म्हणजे किती दिवसांचं काम?”

“दोन महिने निघतील.”

“आणि नंतर?”

“नंतरचं नंतर.”

हे पुन्हा पेपरात शिरले. मी मुकाट्यानं आत जाऊन देवाला सांगून आले की तीन चालतील.

सोमवारी सकाळी हे दुकानात गेले. तासाभरानं मी डबा घेऊन पोचले, तर भाऊजी तिथे. पण ते काउंटरच्या बाहेर उभे होते, गिऱ्हाइकाच्या बाजूला, आणि त्यांच्यापुढे ते तिकाटणं आडवं पडलेलं. पायांचे तीन तुकडे शेजारी मांडलेले. करवतीचा भुसा अजून त्यांच्या सदऱ्यावर होता.

“बुडाला बसतील अशी रबरी टोपणं दे, दादा. तीन. चटईवर ओरखडा नाही उठला पाहिजे.”

हे डब्यातून टोपणं शोधत पुटपुटत होते, “चांगली वस्तू कापून ठेवली. बावीस वर्षं चालली होती... जाडी किती? बोटाएवढी? हे बघ, हे बसतंय का.” मग एक एक टोपण त्यांनी स्वतःच्या हातानं, हातोडीच्या मागच्या बाजूनं ठोकून बसवलं. तिकाटणं उभं केलं. ते आता ह्यांच्या गुडघ्याएवढं झालं होतं. हे खाली वाकले, हलवून बघितलं, पुन्हा एक पाय ठोकला.

आत गादी घातलेली खुर्ची रिकामीच होती. मी डबा तिच्यावर ठेवला.

“आणखी काय लागतंय?” ह्यांनी विचारलं, दुसऱ्या गिऱ्हाइकाला विचारतात अगदी त्याच आवाजात.

“गुडघ्याखाली घ्यायला काहीतरी मऊ,” भाऊजी म्हणाले.

“ते इथे मिळत नाही. वहिनीकडे माग.”